टॅक्सीवाला ‘नाही’ का म्हणतो? मुंबईतल्या नकाराचा हिशेब

कायद्यापुरतं बोलायचं तर मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या चालकाला ‘नाही येत’ म्हणायचा अधिकारच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १७८ मध्ये तिसरं पोटकलम आहे. परवान्यावर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीच्या चालकाने योग्य कारणाशिवाय भाडं नाकारलं तर तो दंडनीय गुन्हा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. गाडी रिकामी असेल आणि धंद्यावर असेल तर प्रवासी सांगेल तिथे मीटरने यायचं, विषय संपला.

आता संध्याकाळी साडेसहाला दादर पश्चिमेला उभं राहून ‘वरळी नाका’ म्हणून बघा. पहिला टॅक्सीवाला काच खाली न करताच हात हलवतो. दुसरा ऐकून घेतो आणि मान वळवतो. तिसरा उलट विचारतो, ‘एअरपोर्ट साइड है क्या?’ चौथा यायला तयार असतो, पण ‘मीटर नहीं, दो सौ लगेगा’. मीटरने शंभरच्या आत बसणारं अंतर.

राग येतो, आणि यायलाच हवा. पण हजारो चालकांचा स्वभाव एकाच वेळी, एकाच नाक्यावर, एकाच दिशेला बिघडत नाही. दुपारी दोन वाजता तोच माणूस त्याच वरळी नाक्याला निमूट येतो. म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी आकडेमोड चालू असते, आणि साडेसहाला तिचं उत्तर वेगळं येतं. ती एकदा आपण कागदावर मांडू.

उदाहरणापुरते गोल आकडे धरतो. मुंबईत अनेक चालक गाडीचे मालक नसतात; ते शिफ्टवर गाडी चालवतात. बारा तासांच्या शिफ्टचे मालकाला ७२० रुपये द्यायचे आहेत असं समजा. म्हणजे सीटवर बसल्या क्षणापासून मिनिटाला एक रुपया अंगावर चढतोय, गाडी हलो न हलो. सीएनजी किलोला ८० रुपये धरा, आणि शहरातल्या रहदारीत किलोमागे २० किलोमीटर. किलोमीटरला चार रुपये गॅसचे झाले. दिवसभरात गाडी १५० किलोमीटर फिरली तर ६०० रुपये. एकूण खर्च १,३२०.

आता जमा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. त्या १५० किलोमीटरपैकी १०० किलोमीटर गाडीत प्रवासी होता आणि उरलेले ५० गाडी रिकामी फिरली, असं धरू. १०० किलोमीटरचे झाले २,०६६ रुपये. खर्च वजा जाता हातात ७४६.

दुसरा दिवस घ्या. गाडी तेवढीच फिरली, पण प्रवासी ८० किलोमीटरच मिळाला. जमा १,६५३, खर्च तोच १,३२०. हातात ३३३ रुपये. फक्त वीस किलोमीटर भरलेल्याचे रिकामे झाले आणि दिवसाची कमाई निम्म्याच्याही खाली आली. चालकाला गणित शिकवायला कुणी लागत नाही. रिकामं धावणं त्याला किती महाग पडतं हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं, आणि त्याचा प्रत्येक नकार या वीस किलोमीटरच्या भीतीतून येतो.

या हिशेबात आणखी एक आकडा लपलेला आहे. बारा तासांतून गॅसच्या पंपावरची रांग, जेवण, चहा, आणि (या शहरात हा वेगळाच छळ आहे) स्वच्छतागृह शोधण्याचा वेळ काढला तर धंद्याचे दहा तास उरतात. म्हणजे सहाशे मिनिटं. ती शंभर किलोमीटरची २,०६६ रुपयांची कमाई या सहाशे मिनिटांत व्हायची असेल तर मिनिटाला साधारण साडेतीन रुपये पडले पाहिजेत. टॅक्सीवाला विकतो ती मिनिटं. मीटर मात्र मोजतं किलोमीटर. रस्ता मोकळा असतो तेव्हा दोन्ही एकच. रस्ता तुंबला की दोन्हींची फारकत होते.

दादर ते वरळी नाका चार किलोमीटर धरा. मीटरचे होतात ८३ रुपये. दुपारी दोनला पंधरा मिनिटं लागली तर मिनिटाला साडेपाच रुपये सुटले, चालक खूश. साडेसहाला त्याच अंतराला पस्तीस मिनिटं लागली तर मिनिटाला सव्वादोन-अडीच. गाडी उभी असली तरी मीटर थोडं थोडं सरकतं, पण थांबलेल्या मिनिटाची किंमत धावत्या मिनिटापेक्षा बरीच कमी असते; तोटा भरून निघत नाही. उलट दादरहून विमानतळाकडे बारा किलोमीटरचे २४८ रुपये. पन्नास मिनिटं लागली तरी मिनिटाला पाच रुपये. तिसऱ्या टॅक्सीवाल्याने ‘एअरपोर्ट साइड है क्या’ का विचारलं ते इथे कळतं.

आणि चौथ्याचे दोनशे? वरळी नाक्यापर्यंतची पस्तीस मिनिटं, अधिक तिथून रिकामं परतायची वीस. पंचावन्न मिनिटं गुणिले साडेतीन. साधारण १९० रुपये. हवेतून काढलेला आकडा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. फक्त त्या हिशेबात एक गंमत आहे: परतीचं भाडं मिळणारच नाही असं तो धरून चालतो. वरळीहून कुणी मिळालं तर ते पैसे वर. म्हणजे त्याच्या धंद्यातली सगळी जोखीम त्याने तुमच्या खिशात टाकली, आणि फायदा झाला तर तो स्वतःकडे ठेवला. मला आक्षेप आहे तो इथे. गणित समजतं म्हणून माफ होत नाही. परळच्या रुग्णालयांबाहेर केमोथेरपी घेऊन आलेल्या माणसाला, किंवा रात्री दोनला लांबच्या गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला हेच गणित पाचपट करून ऐकवलं जातं, तेव्हा त्याला अडवणूक म्हणतात.

दिशेचंही एक गणित आहे. बऱ्याच टॅक्सी दोन शिफ्टमध्ये चालतात: एक चालक दिवसाचा, एक रात्रीचा. गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते ती दुपारी उशिरा, साधारण चार-पाचच्या सुमारास. नेमकी ऑफिसं सुटायच्या तोंडावर. अँटॉप हिलला गाडी द्यायची असेल तर साडेचारला फोर्टमध्ये उभा असलेला चालक वडाळ्याला आनंदाने येईल, कफ परेडला मेला तरी येणार नाही. उशीर झाला तर पुढच्या चालकाची शिव्यांची लाखोली ऐकायची. प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते रिकामी टॅक्सी आणि हललेली मान. शिफ्ट बदलण्याची वेळ गर्दीच्या बाहेर ढकलावी, हा उपाय इतका साधा आहे की तो कुणी गांभीर्याने का घेत नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आता भाड्याच्या दराकडे नीट बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. किमान भाडं ३१ रुपये, दीड किलोमीटरला. ३१ ला दीडने भागा: २०.६६. म्हणजे पुढच्या किलोमीटरचा जो दर, तोच पहिल्याचा. ‘किमान भाडं’ असं आपण म्हणतो, पण त्यात किमान असं वेगळं काहीच नाही. दीड किलोमीटरची सरळ किंमत आहे ती. रिक्षाचंही तसंच. किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, दीड किलोमीटरचे होतात २५.७१, गोल करून २६. पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत दर सपाट.

पण चालकाचं काम सपाट नसतं. प्रत्येक भाड्याला काही वेळ ठरलेलाच जातो: गिऱ्हाईक शोधणं, बाजूला घेणं, सामान चढवणं, उतरताना सुट्टे किंवा यूपीआयचा ‘टिंग’ येईपर्यंत थांबणं, मग पुढचं भाडं शोधणं. हा वेळ दीड किलोमीटरच्या भाड्याला तेवढाच लागतो आणि पंधराच्याही. लांबच्या भाड्यात तो विरघळून जातो, जवळच्या भाड्यात सगळी कमाई खातो. शिंप्याला कापडाच्या मीटरवर शिलाई द्यायची ठरवली तर तो सदऱ्याची बाही-कॉलर कशाला शिवत बसेल? पडदेच शिवेल. आपण टॅक्सीवाल्याला तसंच बांधून ठेवलंय, आणि वर विचारतो की जवळचं भाडं का घेत नाहीस.

दिल्लीत रिक्षाचा दर २०२३ पासून वेगळ्या पद्धतीने ठरला आहे: पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे किलोमीटरला ११. म्हणजे सुरुवात महाग, पुढे स्वस्त. कागदावर हे जवळच्या प्रवाशाच्या बाजूचं आहे. (तिथे मीटर लावतं कोण, हा भाग निराळा. त्या बाबतीत मुंबईकर अजूनही सुखी आहे. इथे निदान मीटर पडतं.)

दर ठरवतं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण. २०१२ मध्ये हकीम समितीने त्यासाठी सूत्र दिलं, पुढे खटुआ समितीने २०१७ मध्ये नवा अहवाल दिला. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाचा घरखर्च हे सगळं मोजायचं आणि त्याला किलोमीटरने भागायचं, अशी या सूत्रांची साधारण रीत. आठ किलोमीटरच्या पुढे दर कमी करावा असंही खटुआ समितीने सुचवलं होतं. प्रत्यक्षात आजचा दर शेवटपर्यंत सपाटच आहे. दरवेळी वाद होतो तो किती वाढवायचा यावर. टॅक्सी संघटना म्हणतात वाढवा, ग्राहक संघटना म्हणतात सेवा आधी सुधारा. वाढ होते दोन-तीन रुपयांची: मार्च २०२१ मध्ये २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८, फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१. मग महिना-दोन महिने मीटर नवीन दरावर आणायचं काम चालतं, तोवर मीटरवर जुना आकडा आणि हातात दरपत्रक. त्या काळात भांडणं जास्त. भाड्याचा आकार बदलावा का, हा प्रश्न मात्र बैठकीच्या टेबलावर फारसा येत नाही.

जुन्या पद्मिनी टॅक्सीला बाहेरच्या बाजूला ते लोखंडी मीटर असायचं, हाताने फिरवून ‘पाडायचं’. आकडा दिसायचा एक आणि पैसे व्हायचे दुसरेच, कार्ड बघून. मीटर ‘फास्ट’ आहे की नाही यावर निम्मा प्रवास जायचा. इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाल्यावर तो प्रकार पुष्कळ कमी झाला. शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाडी बदलली, मीटर बदललं. दराचा सपाटपणा तेवढा तसाच राहिला.

आता येऊ ॲपच्या टॅक्सीकडे, कारण ‘काळ्या-पिवळ्याला कंटाळून ॲपकडे गेलो आणि तिथेही तेच’ ही तक्रार आता जास्त ऐकू येते.

२०१४-१५ च्या सुमारास ॲप टॅक्सी मुंबईत जोरात होत्या तेव्हा फारसं कुणी भाडं नाकारत नव्हतं. कारण उघड होतं: प्रवाशाला स्वस्त आणि चालकाला जादा, मधला फरक कंपनी स्वतःच्या भांडवलातून भरत होती. दिवसाला अमुक फेऱ्या केल्या की बोनस. त्या बोनसच्या भरवशावर अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. मग बोनस आटले, कर्जाचे हप्ते राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ॲप टॅक्सीचालकांनी मोठा संप केला तो याच कारणाने. जुलै २०२५ मध्ये पुन्हा केला.

बोनस गेल्यावर चालक पुन्हा त्याच जुन्या गणितापाशी आला, आणि त्यात एक नवी कलम जमा झाली. काळी-पिवळी तुमच्यासमोरच उभी असते. ॲपची गाडी तुमच्यापर्यंत यायला दोन-अडीच किलोमीटर धावते, आणि एरवी त्या धावण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. तीन किलोमीटरच्या प्रवासासाठी अडीच किलोमीटर रिकामं यायचं असेल तर काय होणार? शिवाय कंपनीचा वाटा. शिवाय भाडं आधीच ठरलेलं, म्हणजे वाटेत अर्धा तास अडकलो तर बऱ्याचदा नुकसान त्याचं.

म्हणून तो फोन. ‘सर, ड्रॉप कुठे आहे?’ मग ‘कॅश की ऑनलाइन?’ रोख मिळाले की पैसे लगेच हातात, गॅस भरता येतो. ऑनलाइन म्हणजे कंपनी वाटा कापून नंतर देणार. या दोन प्रश्नांची उत्तरं पसंत पडली नाहीत तर त्याला फेरी नको असते. पण तो रद्द करत नाही. आणि इथून जो खेळ सुरू होतो तो या सगळ्या विषयातला सर्वांत चीड आणणारा भाग आहे.

नकाशावर गाडीचं चिन्ह एकाच जागी उभं. ‘४ मिनिटांत पोहोचेल’ हे अक्षर दहा मिनिटं तसंच. तुम्ही फोन करता, तो उचलत नाही, किंवा ‘आ रहा हूँ’ म्हणतो आणि उलट दिशेला जातो. तुमची मीटिंग असते, ट्रेन असते, शेवटी तुम्ही वैतागून रद्द करता. झालं, त्याला तेच हवं होतं. आता नकार तुमच्या नावावर लागला.

हे असं का, ते नियमात आहे. महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये ॲप टॅक्सींचं धोरण आणलं. त्यात चालकाने विनाकारण फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम प्रवाशाच्या खात्यात जमा करायची. प्रवाशाने रद्द केली तर भाड्याच्या ५ टक्के किंवा ५० रुपये, कमी असेल ते. हेतू चांगला, आणि चालकाला जास्त दंड लावला हेही योग्य. पण दंड आहे तो बटण दाबणाऱ्याला. फेरी बुडवणाऱ्याला नाही. मग बटण न दाबता फेरी बुडवायची, हे शहाणपण यायला कितीसा वेळ लागतो? नियम लिहिणाऱ्याने एक वाक्य जास्त लिहायला हवं होतं: फेरी स्वीकारल्यावर गाडी ठरावीक मिनिटं प्रवाशाच्या दिशेने सरकलीच नाही, तर ती चालकाने रद्द केली असंच धरावं. कंपनीकडे गाडीचं क्षणाक्षणाचं ठिकाण असतं. पाऊस सुरू झाला की भाडं दीडपट करण्याइतकी हुशारी ज्या यंत्रणेत आहे, तिला उभी गाडी ओळखता येत नाही यावर माझा विश्वास नाही.

या दीडपटीबद्दलही थोडं. त्याच धोरणात मागणी वाढली की मूळ दराच्या दीडपटीपर्यंत भाडं वाढवायची मुभा आहे, आणि मागणी नसताना पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट द्यायची. चालकाचा वाटा किमान ८० टक्के. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये परिवहन विभागाने ॲप टॅक्सीचा मूळ दर किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे ठरवला. जुलैच्या संपातली चालकांची मागणी हीच होती: आम्हालाही सरकारी दर द्या. वाढत्या भाड्याचा लोकांना राग येतो, मलाही येतो, पण नाकारण्याच्या दृष्टीने पाहिलं तर ती कल्पना मुळात वाईट नाही. गर्दीच्या वेळी मिनिट महाग असतं, तर किंमतही वाढावी. गडबड अशी की वाढलेलं भाडं आपल्याला दिसतं आणि त्यातलं किती चालकापर्यंत पोहोचलं ते दिसत नाही. चालकाला ती वाढ पुरेशी वाटली नाही तर तो दीडपट भाड्यावरही फोन करून वर पन्नास मागतो. मग आपण दोन्हीकडून गेलो.

आता काही ॲप्सनी वाटा घेणंच सोडलंय. चालकाकडून दिवसाची ठरावीक फी घ्यायची आणि भाडं त्याचं त्याला. बेंगळुरूच्या ‘नम्मा यात्री’पासून ही पद्धत रुळली. चालकासाठी हे बरं आहे. पण त्यामुळे नकार थांबत नाही. रिकामं यायचे अडीच किलोमीटर आणि जवळचं भाडं, दोन्ही जिथल्या तिथे. उलट कंपनी आता हात वर करू शकते: आम्ही फक्त गाठ घालून दिली, बाकी तुमचं तुम्ही बघा.

परवान्यांची बाजू थोडक्यात सांगतो. मुंबईत टॅक्सी आणि रिक्षांचे परवाने कित्येक वर्षं गोठवलेले होते. २०१७ मध्ये ते खुले झाले. गाड्या वाढल्या की नकार कमी होतील अशी आशा होती. वाढल्या त्या मुख्यतः रिक्षा, आणि त्या चालतात बांद्रा-सायनच्या पुढे उपनगरात. दक्षिणेकडच्या मूळ मुंबईत रिक्षाला बंदीच आहे. म्हणजे लालबागहून भायखळ्याला रस्त्याने जायचं तर टॅक्सी किंवा बेस्टची बस, तिसरा पर्याय नाही. बेस्टच्या बसगाड्या कमी होत गेल्या, स्टॉपवर अर्धा तास गेला, की माणूस दोन किलोमीटरसाठी टॅक्सीला हात करतो. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली. फार चांगलं झालं. पण टॅक्सीवाल्याच्या बाजूने बघा: त्याची लांबची, कमाईची भाडी आता भुयारातून जाऊ लागली आणि त्याच्या वाट्याला राहिलं काय, तर मेट्रो स्टेशन ते ऑफिस. म्हणजे तो जे नाकारतो नेमकं तेच. त्यामुळे जवळच्या भाड्याचा प्रश्न येत्या काळात वाढेल असं माझं मत आहे.

याच शहरात एका प्रकारची टॅक्सी कधीच नाही म्हणत नाही, हे मात्र विसरायला नको. चर्चगेटच्या बाहेर सकाळी नऊला नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सीची रांग बघा. चौघं आले की गाडी सुटली. सीटमागे ठरलेले पैसे, कुणी विचारत नाही, कुणी भांडत नाही, आणि चालक वळून पुन्हा रांगेत. दोन किलोमीटरच्या आतलं अंतर! तोच चालक, तीच गाडी, तोच गर्दीचा रस्ता. फरक इतकाच की चौघांचे मिळून जे पैसे होतात त्यात त्याचं रिकामं परतणंही बसतं, आणि पुढचं भाडं रांगेत उभं आहे याची खात्री असते. कुर्ला किंवा बांद्र्याहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांकडे) जाणाऱ्यांना मात्र हे सुख नाही. तिथे शेअर रिक्षा आहेत, पण दर पावसाच्या सरीगणिक बदलतो. शेअरचा दर अधिकृत असणं आणि रांगेवर कुणाची तरी नजर असणं, या दोन गोष्टी असल्या की काम होतं.

गोव्यात याच्या उलट टोक दिसतं. तिथल्या पर्यटक टॅक्सींनी मीटरला वर्षानुवर्षं विरोध केला, ॲपलाही केला. २०१८ मध्ये आलेल्या ‘गोवा माइल्स’ या ॲप टॅक्सीवरून झालेले वाद अजून शमलेले नाहीत. तिथला चालक नाही म्हणत नाही. तो परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे आधीच धरून आकडा सांगतो, आणि तुम्ही द्यायचे.

मग मुंबईत करायचं काय? माझा एक हिशेब मांडतो, चुकीचा वाटला तर खोडून काढा. किमान भाडं ३१ चं ४० करा आणि पुढचा दर २०.६६ वरून १९ वर आणा. दीड किलोमीटरचे होतील ४०, म्हणजे नऊ रुपये जास्त. पाच किलोमीटरचे आज होतात १०३, ते होतील १०६ रुपये ५० पैसे. बारा किलोमीटरचे आजचे २४८ उतरून २४० च्या आत येतील. सरासरी प्रवाशाचा खिसा जवळजवळ तेवढाच हलका होतो, आणि जवळचं भाडं चालकाला परवडायला लागतं. याने साडेसहाची कोंडी सुटणार नाही. त्यासाठी उभ्या मिनिटाची किंमतही वाढवावी लागेल. पण असा प्रस्ताव आला तर दुसऱ्या दिवशी मथळा येईल ‘टॅक्सीचं किमान भाडं ४० रुपये’, ग्राहक संघटना रस्त्यावर येतील, आणि लांबचा दर कमी होतोय म्हणून टॅक्सी संघटनाही. बहुधा म्हणूनच कुणी त्या वाटेला जात नाही.

तोवर हाताशी असलेल्या गोष्टी. तक्रार करायची तर गाडीचा पूर्ण नंबर, वेळ आणि जागा एवढं तरी हवं. ‘दादरला एक टॅक्सीवाला’ यावर आरटीओ काही करू शकत नाही. दंड किरकोळ असतो, पण एकाच गाडीविरुद्ध पुन्हा पुन्हा तक्रारी आल्या तर परवाना निलंबित करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आणि मालकाला धास्ती असते ती त्याची. वाहतूक पोलीस समोर उभा असेल तर त्याला सांगा; चालक तिथल्या तिथे मीटर पाडण्याची शक्यता बरीच असते. ॲपवर गाडी हलत नसेल आणि तुम्हाला घाई नसेल तर रद्द करू नका, स्क्रीनशॉट काढत राहा. स्टेशन किंवा विमानतळावर प्रीपेडची खिडकी असेल तर तिथली पावती घ्या. चार पैसे जास्त जातील, पण दिशेवरून वाद नाही. चार ते पाच हा तास शक्य तितका टाळा. आणि रस्त्याच्या वाट्टेल त्या बाजूला उभं राहू नका. ज्या बाजूची वाहतूक तुमच्या दिशेने जाते तिथे जाऊन हात करा. त्या बाजूला येणारी टॅक्सी आधीच तिकडे निघालेली असते, आणि यू-टर्नची दहा मिनिटं वाचणार असतील तर चालक निम्मा तयारच असतो.